उजेड गेला की थांबायचं नाही

मला गोष्ट रचता येत नाही. मी खुर्च्या लावणारा माणूस आहे.

बगदादला आमच्या राष्ट्रीय ऑर्केस्ट्रात मी सव्वीस वर्षं हेच काम केलं. खुर्च्या लावायच्या, स्टँड मांडायचे, स्वरलिपीचे कागद वाटायचे. आणि वीज गेली की दिवे जनरेटरवर घ्यायचा दांडा ओढायचा.

म्हणून जसं घडलं तसंच सांगतो. नाही पटलं तर माझी तक्रार नाही. मलाही कित्येकदा पटत नाही.

जुलैचा दुसरा मंगळवार होता. दुपारचा सव्वा वाजला होता.

हो, दुपारचा. रात्री आमची तालीम नसते, सगळ्यांना दिवसाउजेडी घरी पोचायचं असतं. पण आमच्या तालमीच्या हॉलला एकही खिडकी नाही. वीज गेली की भरदुपारी स्वतःचा हात दिसत नाही.

त्या दुपारी माझी बायको गेली.

तिचं नाव नजिहा. ती कानून वाजवायची. अठ्ठ्याहत्तर तारांचं वाद्य, मांडीवर घ्यायचं, दोन्ही हातांच्या पहिल्या बोटांत नख्या चढवून वाजवायचं. तारांच्या कडेला बारीक पितळी खटके असतात. मकाम, म्हणजे रागासारखी सुरावट, बदलला की ते खाली-वर करायचे. वाजवून झालं की नजिहा सगळे खटके एकेक करून पाडून ठेवायची. टक्, टक्, टक्. मला स्टेजमागे कळायचं, बाईसाहेबांचं काम संपलं, आता चहा.

आमच्या ऑर्केस्ट्रात दोन प्रकारची माणसं. व्हायोलिन, चेलो, ओबो, हॉर्नवाले सगळे कागद वाचून वाजवणारे. कोणी मॉस्कोत शिकलेलं, कोणी प्रागमध्ये. आणि ऊद, जोझा, कानूनवाले उस्तादांसमोर बसून शिकलेले. त्यांचं सगळं पाठ.

त्यातून आमचा एक नियम झाला होता. दुसरीकडे कुठे असा नसेल.

उजेड गेला की थांबायचं नाही.

कारण वीज दिवसातून चारदा जायची. दरवेळी थांबलो असतो तर एक तुकडा पुरा झाला नसता. मग अंधार झाला की कागदवाले एकेक करून गळायचे. मग ऊद-जोझावालेही तिच्यासाठी थांबायचे आणि शेवटी एकटी नजिहा उरायची. ती आठवणीतून वाजवत राहायची आणि बाकीचे बोटं वाद्यावर ठेवून ऐकत बसायचे. जनरेटर लागला, दिवे आले, की तिचा सूर धरून सगळे एकदम आत.

"तुझे व्हायोलिनवाले," ती मला म्हणायची, "कागद गेला की आंधळे."

ओबोवाला विसाम तिला चिडवायचा. "उम्म गायब, तुम्ही म्हाताऱ्या झालात की आम्ही अंधारात काय करायचं?"

"तोवर पाठ करायला शिक. डोकं नुसतं टोपी घालायला दिलेलं नाही."

आम्हाला मूल नाही. आमच्याकडे अशा माणसाला अबू गायब म्हणतात. जो आलाच नाही, त्याचा बाप. मी अबू गायब, ती उम्म गायब. सगळे प्रेमानेच म्हणायचे.

त्या मंगळवारी सकाळी ती डावा हात चोळत होती.

"काय झालं गं?"

"रात्रभर तुझं डोकं होतं हातावर. आत काही नाही, तरी एवढं जड कसं रे?"

मी हसलो. म्हणालो, तालीम झाली की दवाखान्यात जाऊ.

तालीम झाली की. हे मी म्हणालो.

सव्वा वाजता वीज गेली. मी स्टेजच्या बाजूला दांड्याजवळ होतो. मागच्या दारातून अंगणात जाऊन सत्तारला जनरेटर चालू करायला सांगायचं, परत येऊन दांडा ओढायचा. नेहमीचंच काम.

व्हायोलिनं गळाली. चेलो गळाले. ओबो थोडा वेळ रेटत राहिला आणि थांबला.

कानून एकटा उरला.

मी दाराकडे वळलो आणि...

कानून थांबला.

मधेच. एका चढत्या जागेवर, पुढचा सूर यायच्या आत.

मी उभा राहिलो. मला वाटलं, तार तुटली असेल. लावेल ती. तिची खुर्ची माझ्यापासून अकरा पावलांवर. खुर्च्या मीच खडूच्या खुणांवर लावतो. त्या अंधारात कुणालाही धक्का न लावता तिच्यापर्यंत जाऊ शकेल असा हॉलमध्ये एकच माणूस होता.

तो जनरेटरकडे गेला.

सत्तारच्या टाकीत डिझेल नव्हतं. शेजारून आणेपर्यंत अकरा मिनिटं गेली. मी परत येऊन दांडा ओढला. ती कपाळ कानूनवर टेकून बसली होती.

डॉक्टर म्हणाला, दहा-बारा मिनिटं तरी झाली असतील.

आता जे सांगतो ते नीट ऐका.

विसाम रडत म्हणाला, "असं कसं? त्या तर आत्ता वाजवत होत्या. दिवे आले तेव्हा आम्ही त्यांचाच सूर धरून आत आलो."

कंडक्टर उस्ताद सरमद म्हणाले, वाजवत होती. चेलोवाली म्हणाली, वाजवत होती. चाळीस माणसं हेच म्हणाली. मधे थांबल्याचं एकालाही माहीत नव्हतं.

आणि मी म्हणालो, "हो. मीही ऐकलं. शेवटपर्यंत वाजवत होती."

खोटं बोललो. कारण खरं सांगितलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, मग तू गेला का नाहीस?

दफनाआधी न्हाऊ घालणाऱ्या बायकांनी माझ्या हातात एक नखी दिली. उजव्या हाताची. डाव्या हाताची नव्हती. मी हॉल झाडून काढला, खुर्च्या उलट्या केल्या, फळ्यांच्या फटींत तार घालून पाहिली. नखी नव्हती.

फातिहाचे, दुखवट्याचे तीन दिवस झाले. तिची थोरली बहीण साजिदा माझ्याजवळ येऊन बसली.

"जब्बार, एक सांग. शेवटी ती एकटी होती का रे?"

"नाही, आपा. सगळे होते. वाजवत होती ती."

तिने माझा हात थोपटला. तो हात मला पुढे कित्येक दिवस धुवावासा वाटायचा.

दहा दिवसांनी तालमी सुरू झाल्या. नजिहाच्या खुर्चीवर तिचा कानून काळ्या कापडात बांधून ठेवला. चाळिसाव्या दिवशी तिच्या नावाने कार्यक्रम करायचा ठरलं. तोच तुकडा वाजवायचा, कानूनची जागा रिकामी सोडून.

पहिल्याच तालमीत वीज गेली. सवयीने सगळे वाजवत राहिले, मग एकेक करून गळाले. हॉल गप्प झाला. मी दाराकडे निघालो.

आणि मला...

कानून ऐकू आला.

हळू. स्वच्छ. तिचाच हात.

मग त्याच चढत्या जागेवर तो थांबला.

मी तसाच अंगणात पळालो. दांडा ओढला, दिवे आले, आणि सगळा ऑर्केस्ट्रा एका मात्रेचाही फरक न करता आत आला.

उस्ताद सरमद यांनी हात खाली टाकला. सगळे थांबले.

"मात्रा मोजत कोण होतं?" त्यांनी विचारलं.

विसामने खाली पाहिलं. "उस्ताद, मला वाटलं तुम्ही."

"मी कागदाशिवाय आंधळा आहे, बाबा. ती म्हणायचीच."

कुणी हसलं नाही. काळ्या कापडाकडेही कुणी पाहिलं नाही.

असं पाच वेळा झालं. बाकीच्यांनी काय ऐकलं ते एकमेकांना कधी सांगितलं नाही. मला मात्र दरवेळी तो त्याच जागेवर थांबलेला ऐकू यायचा. आणि दरवेळी मी अंगणाकडे जायचो. एकदा त्या थांबण्यानंतर खुर्ची करकरलीसुद्धा. वजन पुढे झुकल्यावर करकरते तशी.

तरी मी अंगणाकडेच गेलो.

चाळिसावा दिवस आला. कार्यक्रम दुपारी चारला होता. घरून निघण्याआधी साजिदा आपाने डोलम्याचं, भात भरलेल्या भाज्यांचं ताट पुढे ठेवलं. मी ताट बाजूला सारलं.

"खा. ती असती तर ओरडली असती."

"आपा..."

"काय?"

मला सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं.

"मीठ जरा जास्त झालंय," मी म्हणालो.

हॉल भरला होता. आपा पहिल्या रांगेत होती. तुकडा सुरू झाला. कानूनच्या जागी सगळे गप्प राहायचे आणि ती गप्प जागा ऐकवत नव्हती.

निम्मा तुकडा झाला आणि...

वीज गेली.

व्हायोलिनं गळाली. चेलो गळाले. ओबो गळाला.

कानून उरला.

मी दांड्याजवळ उभा होतो. समोर तीनशे माणसं अंधारात. माझं काम दाराकडे जायचं होतं.

कानून चढत गेला, चढत गेला आणि थांबला.

मी दाराकडे गेलो नाही.

मी मोजत निघालो. एक, दोन, तीन. डावीकडे व्हायोलिनचा स्टँड, तो टाळला. सहा, सात. कुणाचा तरी श्वास लागला. नऊ. दहा.

अकराव्या पावलावर हात पुढे केला. हाताला कापडात बांधलेला कानून लागायला हवा होता.

हाताला खांदा लागला.

गार नव्हता. कोमट होता, घामेजलेला, जुलैमध्ये असतो तसा. माझ्या ओळखीचा खांदा. तेहतीस वर्षांच्या ओळखीचा.

मी म्हणालो, "आलो गं."

खांदा जरा हलला.

मग माझ्या हाताखाली तो हलत राहिला, वाजवताना हलतो तसा. आणि तो पुढचा सूर आला, जो चाळीस दिवस आला नव्हता. त्यापुढचे सगळे आले. मी डोळे मिटून उभा राहिलो. अंधारात डोळे का मिटले, ठाऊक नाही.

दिवे आले.

मी येईना म्हणून सत्तारने स्वतः वर येऊन दांडा ओढला होता. माझा हात खुर्चीवर, मोकळ्या हवेत होता. कानून काळ्या कापडातच होता. गाठ मी बांधलेलीच.

भोवती ऑर्केस्ट्रा जोरात वाजत होता. माझी दुसरी मूठ घट्ट मिटलेली होती. उघडून पाहिली तर त्यात...

नखी होती. डाव्या हाताची.

त्या संध्याकाळी मी आपाला सगळं सांगितलं. नजिहा थांबली ते मी ऐकलं होतं, जाऊ शकत होतो, गेलो नाही. वर सगळ्यांशी खोटं बोललो, तिच्याशीही.

आपाने चहाचा पेला खाली ठेवला.

"आज गेलास ना," ती म्हणाली.

"गेलो."

"का?"

"थांबली होती ना. आजही. तुम्ही ऐकलं नाही?"

आपाने माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मी सहन केला असता. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"जब्बार, मी समोर बसले होते. कानून कुठेही थांबला नाही. अंधार झाल्यापासून दिवे येईपर्यंत सलग चालू होता." मग हळूच म्हणाली, "थांबलेला तुला एकट्यालाच का ऐकू येतो रे?"

तेच मी आजही स्वतःला विचारतो.

मी नोकरी सोडली. कानून ऑर्केस्ट्राला देऊन टाकला. नव्या मुलीने तो लावायला घेतला तेव्हा अठ्ठ्याहत्तरच्या अठ्ठ्याहत्तर तारा सुरात होत्या, म्हणे. दोन्ही नख्या मी ठेवल्या. उशाशी डबीत असतात.

घरीही वीज जाते. पंखा थांबतो, गल्ली गप्प होते. मग कधी कधी आतल्या खोलीतून...

टक्.

टक्. टक्.

खटके पाडल्यासारखा आवाज. घरात आता कानून नाही. मी उठतो. भिंतीला हात लावत, पावलं मोजत आत जातो. तिची खुर्ची रिकामी असते. मी तिच्या पाठीवर हात ठेवून दिवे येईपर्यंत उभा राहतो.

गुडघे दुखतात. भीतीही वाटते, खोटं का सांगू. गेल्या आठवड्यात खुर्चीची पाठ कोमट होती.

पण आवाज आला की मी जातो. दरवेळी जातो.