मामंजींच्या आधी पोचलेली

नाताळाच्या आधी वन्संकडे धुरावर सुकवलेलं मटण पोचवायचं, एवढंच काम होतं. आमचं खोरं आइसलंडच्या उत्तरेला. हिवाळ्यात तिथं दुपारीच अंधारून येतं. वर्षभराच्या लेकाला नवऱ्यापाशी ठेवून मी निघाले, तर मामंजी म्हणाले, मीही येतो, लेकीला, ग्रोवाला, डोळे भरून पाहीन म्हणतो.

ब्रांदुर मामंजी एरवी कुणाकडे जात नसत. तरुणपणी हिमवादळात दार ठोठावणाऱ्या एका भिकारी पोरीला त्यांनी घरात घेतलं नव्हतं. सकाळी ती उंबऱ्यावर गोठलेली सापडली. तेव्हापासून ते जिथे जातील तिथे ती त्यांच्या आधी पोचते, असं सगळं खोरं म्हणायचं; आणि ते गेले की घरातल्या ज्याचं नाव तिला कळेल त्याच्यामागे लागेल, असंही. कुठे भांडी फुटत, कुठे गाय आटे. मी परक्या खोऱ्यातून आलेली, हसण्यावारी नेलं.

वाटेत वारा फिरला. बर्फ सुयांसारखा डोळ्यांत टोचू लागला. वन्संच्या खिडकीतला दिवा दिसला तेव्हा माझ्या पायांत त्राण उरलं नव्हतं. मी दार ठोठावलं.

"कोण आहे?" आतून वन्संनी विचारलं.

"मी स्टेनवर. मामंजीही आलेत."

मग दबक्या आवाजात त्या म्हणाल्या, "बाबा तर... मघाशीच आलेत. चुलीपाशी बसलेत."

आतून मामंजींचाच खोकला आला. पाठोपाठ त्यांचाच आवाज, अगदी थंड. "उघडू नकोस, ग्रोवा. असली माणसं वादळात खूप भटकतात."

मी वळून पाहिलं. मामंजी माझ्या शेजारीच उभे होते. ओठ मिटलेले.

"माझेच शब्द," ते पुटपुटले. "त्या रात्रीचे..."

मी दारावर मुठी आपटल्या, हाका मारल्या. कडी सरकली नाही. मेंढ्यांच्या गोठ्यात जाऊ म्हणून मी त्यांचा हात ओढला, तर त्यांनी तो सोडवून घेतला आणि ते उंबऱ्यावर बसले.

"तू जा, पोरी. तिला मी इथंच हवाय."

मेंढ्यांच्या उबेत मी कशीबशी तगले. उजाडल्यावर वन्संची किंकाळी ऐकली. मामंजी बसल्या जागी गोठून लाकूड झाले होते. आत त्यांच्यासाठी घातलेलं अंथरूण रिकामं होतं, ओलंचिंब.

ते अंथरूण गोळा करत वन्सं बोलल्या. "दार उघडू नकोस म्हणाले, त्यानंतर काही बोलले नाहीत गं ते. निजताना एवढंच विचारलं... स्टेनवरच्या लेकाचं नाव काय."

"आणि तुम्ही?"

"रोज त्याला मांडीवर घेणारे, आणि नावच विसरले, म्हणून मी हसले... आणि सांगितलं."