रिकाम्या सीटचा पट्टा

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच वाचणं थांबवावं. कुणाला पटवत बसायच्या मनःस्थितीत मी नाही, मला अजून राग येतोय.

गाव खोन केन, थायलंडच्या ईशान्येला. आणि वेळ रात्रीची नाही... भर दुपारची. रस्त्यावर चिटपाखरू नाही, डांबर चपलेला चिकटतंय, अशी दुपार.

मी वान. मोबाइलची अ‍ॅप्स डिझाइन करते. त्या वेळी मी एकाच अ‍ॅपवर जीव ओतत होते. गाडीचं तेल कधी बदललं, टायर कधी, ब्रेक कुठल्या गॅरेजमध्ये केले, सगळं त्यात नोंदलं जायचं. स्टिअरिंगखाली एक छोटी डबी बसवायची. गाडी कुठे आहे, कोणत्या सीटवर माणूस बसलाय, पट्टा लावलाय की नाही, हे ती डबी फोनवर कळवायची. गाडी विकायला काढली की अ‍ॅप तिला रंग द्यायचं. हिरवा म्हणजे निर्धास्त घ्या.

अ‍ॅपमागचा पैसा हिया वुतचा. हिया म्हणजे दादा; मला तो नोंग, म्हणजे धाकटी, म्हणायचा. जुन्या गाड्या विकतात त्या जागेला आमच्याकडे तंबू म्हणतात. शहरातला सगळ्यात मोठा तंबू त्याचा. सोन्याची साखळी, गोड बोलणं, आणि पोटात काय ते देव जाणे.

मी अ‍ॅपमध्ये एक पान केलं होतं. त्याचं नाव ‘आधी काय घडलं’. पूर, अपघात, गाडीत कुणाचा मृत्यू... जे घडलं ते स्पष्ट लिहायचं.

हियाने ते पान पाहिलं आणि खो खो हसला.

“नोंग वान, तू गाडी विकतेयस की मयताला बोलावतेयस?”

“घेणाऱ्याला कळायला नको?”

“घेणाऱ्याला हिरवा रंग हवा असतो, पोरी. काढ ते.”

मी नाही काढलं. टेबलावर हात आपटून भांडले. मग मी सुट्टीवर असताना त्याने दुसऱ्याकडून ते काढून घेतलं. परत आले तर पान गायब, आणि वर हा मला कॉफी पाजतोय.

मी ती कॉफी प्यायले नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझी मोठी बहीण, पी ताल, म्हणजे ताल ताई, दारात पांढरी गाडी घेऊन उभी. पोट पुढे आलेलं, दिवस भरत आलेले. नवरा बँकॉकमध्ये कामाला, दवाखाना लांब, म्हणून तिला गाडी हवी होती. घेतली कुठून? हियाच्या तंबूतून.

“मला विचारलं का नाहीस?” मी म्हणाले.

“तुला काय विचारायचं? तुझ्याच अ‍ॅपने हिरवा दाखवला. डोळे झाकून घेतली.”



ती मला हौसेने फिरवायला घेऊन निघाली. आरशाला झेंडूचा ताजा हार. छतावर, चालकाच्या डोक्याच्या वर, पांढऱ्या ठिपक्यांचं त्रिकोणी चिन्ह. भिक्खू नव्या गाडीला आशीर्वाद देताना बोटाने काढतात तसं.

“बघ, मंत्रून पण दिली,” ताल म्हणाली.

मी मागे बसले होते, कारण पुढच्या डाव्या सीटवर तिने काहीच ठेवू दिलं नाही. पर्सही नाही.

“का गं?”

“नको. आवाज येतो.”

आणि तो आला...

टिंग... टिंग... टिंग...

पट्टा न लावता कुणी बसलं की गाडी ओरडते, तो आवाज. डावी सीट रिकामी होती.

तालने हात लांब करून रिकाम्या सीटचा पट्टा लावला. आवाज थांबला.

“सेन्सर बिघडलाय,” ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी मान डोलावली. सेन्सर बिघडतात. पण मग तिने हळूच विचारलं, “वान, स्टिअरिंगचंही असं होतं का? वळताना जड लागतं. म्हणजे... दुसऱ्या कुणीतरी पण धरलंय, असं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना मी सहज अ‍ॅपमध्ये तालची गाडी उघडली; तंबूतल्या प्रत्येक गाडीत डबी असायचीच. गाडी अंगणात आंब्याखाली उभी होती. बंद. कुलूप लावलेली. ताल माझ्यासमोर भात खात होती.

फोनवर डावी सीट निळी दिसत होती.

निळी म्हणजे कुणीतरी बसलंय.

मी ताट तसंच टाकून बाहेर गेले. काचेतून पाहिलं. आत कुणी नाही. दार उघडलं तर गरम वाफेबरोबर मोगऱ्याच्या पाण्याचा वास आला. सोंगक्रानमध्ये, आमच्या नववर्षाच्या सणात, अंगावर उडवतात त्या पाण्याचा. सोंगक्रान होऊन कितीतरी महिने लोटले होते.

छताला बोट लावलं...

चिन्ह ओलं होतं.

तापलेल्या बंद गाडीत ते ठिपके नुकतेच काढल्यासारखे ओले होते.

मी तिथूनच चेटला फोन लावला. तंबूतल्या गाड्या धुऊनपुसून विक्रीला उभ्या करायचं काम त्याचं. आधी तो उडवाउडवी करायला लागला.

“चेट, माझी बहीण गरोदर आहे. खरं बोल, नाहीतर तिथे येऊन तुझी गचांडी धरते.”

तो म्हणाला, “पी वान, ती गाडी दारिन नावाच्या बाईची. सोंगक्रानमध्ये गेली. पाणी खेळून घरी चालली होती... ट्रकने... गालाला सणात फासतात ती पांढरी माती तशीच होती.”

“आणि छतावरचं चिन्ह? कुठल्या भिक्खूने काढलं?”

“भिक्खू कुठला? तिच्या वेळचं जुनं चिन्ह थिनरने पुसलं. हिया म्हणाला, चिन्ह दिसलं की गिऱ्हाईक खूश. सोंगक्रानची माती उरली होती पिशवीत. मीच काढलं बोटाने.”

मी गाडीचं दार आपटलं. भीतीने नाही, संतापाने.

आमच्याकडे प्रत्येक गाडीत तिची राखणदार असते. मे या नांग. गाडी विकायची तर मालक आधी हार काढतो, उदबत्ती लावतो, हात जोडून तिचा निरोप घेतो. मगच गाडी दुसऱ्याची होते. दारिन निरोप कुठून घेणार? चेटने सांगितलं, तिच्या घरच्यांना तर वाटत होतं, गाडी भंगारात गेली. हियाने ती भंगारातून उचलली, ठोकून सरळ केली, आणि सणाची उरलेली माती फासून माझ्या बहिणीला विकली.

त्याच दुपारी आम्ही दोघी तंबूत गेलो. गाडी मी चालवली. ताल मागे. टिंग टिंग वाजत राहिलं. मी डाव्या सीटचा पट्टा लावला नाही. वाजू दे म्हटलं.

तंबूत गिऱ्हाइकं होती. मी मुद्दाम मोठ्या आवाजात विचारलं, “हिया, या गाडीत बाई मेली ना?”

“हळू, नोंग वान, हळू.”

“का? ऐकू दे ना सगळ्यांना! गाडी परत घे. आत्ता.”

“विकलेली गाडी परत घेतली तर तंबूला टाळं लावावं लागेल,” तो गिऱ्हाइकांकडे बघून हसला. “शिकली-सवरलेली मुलगी, आणि भुताला घाबरते! आण ती किल्ली. मी स्वतः चक्कर मारून येतो. दिवसाढवळ्या कुठलं भूत मला खातंय बघू.”

त्याने आमच्यासमोर आरशावरचा हार ओढून कचऱ्यात टाकला आणि गाडी काढली.

मी फोन उघडला. ताल आणि चेट माझ्या खांद्यावरून बघत होते.

चालकाची सीट निळी. डावी सीट निळी.

गाडी बाह्यवळण रस्त्याला लागली. वळून परत यायला हवं होतं तिथे वळली नाही... सरळ गेली. भातशेतांकडे.

मग डावी सीट करडी झाली. रिकामी.

आणि मागची निळी झाली.

चालकाचीही निळीच होती.

“आता मागे कोण बसलं?” ताल पुटपुटली.

तेवढ्यात हियाचा फोन आला. बोलणं नाही. नुसता श्वास... आणि मागे टिंग, टिंग, टिंग. मग पट्टा लागल्याचा खट्ट आवाज. आणि सगळं शांत.

चेटने त्याची गाडी काढली. आम्ही पोहोचलो तेव्हा पांढरी गाडी रस्त्याच्या कडेला, झाडाच्या सावलीत, अगदी नीट लावलेली होती. इंडिकेटर चालू होता. दारं आतून बंद.

पुढे कुणीच नव्हतं.

हिया मागच्या सीटवर बसला होता. पट्टा लावून, हात मांडीवर ठेवून. शाळेतल्या शहाण्या मुलासारखा.

दोन्ही गालांवर पांढरी माती. ओली. वरून खाली ओढलेली बोटं स्पष्ट दिसत होती.

मी फोनकडे पाहिलं. चालकाची सीट अजून निळी होती.

चेटने काच फोडून त्याला बाहेर काढलं. जखम एकही नाही. मागे कसा आलास, गाडी कोण चालवत होतं... काही विचारलं तरी तो एवढंच म्हणायचा, “तिला सांगा, मी उतरतो.”

त्याने गाडी परत घेतली. एक शब्द न बोलता. मी त्याच्या समोर बसून ‘आधी काय घडलं’ हे पान पुन्हा जोडलं, आणि पहिलं नाव दारिनचं लिहिलं.

मी कळवल्यावर तिची आई आली, पा लमदुआन, म्हणजे लमदुआन मावशी. तिने ताजा हार आणला, उदबत्ती लावली, बॉनेटवर हात ठेवला.

“चल गं बाई,” ती म्हणाली. “पुष्कळ चालवलीस. आता घरी चल.”

तिला रडू फुटलं. मलाही.

फोनवरच्या सगळ्या सीट करड्या झाल्या. मी डबी काढून घेतली. तालला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण हिया वुत सुधारणारा माणूस नव्हे. पावसाळा सरला, भीती सरली, आणि गेल्या आठवड्यात त्याचा निरोप आला. पुरातली एक गाडी आहे. आत माणूस सापडला होता. तेवढ्या एका गाडीपुरतं ते पान लपव.

तेवढ्या एका गाडीपुरतं!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. होती तशी उठले. माझ्या गाडीत बसले. माझी स्वतःची गाडी, शोरूममधून आणलेली, दुसऱ्या कुणाची कधीच नसलेली. भर दुपार होती. एकटीच होते.

गाडी सुरू केली...

टिंग... टिंग... टिंग...

डावी सीट.

मोगऱ्याच्या पाण्याचा वास आला.

माझे हात स्टिअरिंगवर गारठले. तरी रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं, “त्याच्याकडेच चाललेय. यायचंय?”

खट्ट.

पट्टा लागला. आवाज थांबला.

मी बाजूला पाहिलं नाही. तंबूपर्यंत पाहिलं नाही. हिया दारातच उभा होता. त्याने मला पाहिलं, मग माझ्या डावीकडे पाहिलं, आणि तिथेच मटकन खाली बसला.

पान जागेवर आहे.

ती मात्र अजून उतरलेली नाही.