मागच्या खोलीचा आवाज

"शेजारच्या खोलीत कुणी खाकरून बेडका काढला, तर हातातला घास तोंडात घालता येतो का रे तुम्हाला?"

प्रल्हादकाकांनी हे विचारलं तेव्हा मनवेलपाड्यातल्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर पोरं जमली होती. लोडशेडिंगमुळे खाली पंखे बंद होते. विकीने नुकतीच खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी उघडली होती. अश्लेषा म्हणाली, "शी, काका."

"शी म्हणण्यासारखीच गोष्ट आहे. ऐकायची असेल तर खाणं बाजूला ठेवा. कामणच्या जितेंद्रबरोबर घडलेली आहे. आमच्या ऑफिसातले कॉम्प्युटर तोच सांभाळायचा. त्याने मला हे सांगितलं तेव्हा जेवणाचा डबा समोर उघडा होता, आणि त्यातलं एक शीतही त्याच्या पोटात गेलं नाही."

विकीने पुडीची घडी केली आणि खिशात ठेवली. काकांनी पाय पोटाशी घेतले आणि गोष्ट सुरू केली.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. तेरा डिसेंबर, दोन हजार सात. जितेंद्र ऑफिसातून सुटला, वसई स्टेशनबाहेरच्या दुकानातून त्याने स्पीकरची वायर घेतली आणि मोटारसायकलवरून कामणच्या रस्त्याला लागला. वाटेत गोदामांचे ट्रक एकामागे एक उभे होते. थंडी बरी पडली होती. वायर घ्यायला त्याला बायकोने, रीमाने सांगितलं होतं. सासरे गेल्यापासून घरातला स्पीकर बंद होता. घर खायला उठतं, निदान सकाळी भजनं तरी लागू देत, असं तिचं म्हणणं होतं.

जितेंद्रचे वडील, हरेश्वर, खाडीकाठचे शेतकरी. पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात मिठागर. मिठागराने त्यांचे पाय फोडले आणि विडीने छाती खाल्ली. शेवटची दोन वर्षं ते खाटेवरच होते. छातीत सतत घरघर. खाटेखाली राख भरलेला पत्र्याचा डबा. खोकला आला की म्हातारा एका कुशीवर वळायचा, खोल कुठून तरी ओढून काढायचा आणि त्या राखेत थुंकायचा. कधी थुंकी तुटायची नाही, ओठापासून डब्यापर्यंत तार लोंबायची. मग ते ती बोटाने तोडायचे आणि बोट लुंगीला पुसायचे.

जितेंद्रला हे बघवायचं नाही. तो स्वभावाने वाईट नव्हता, पण त्याला किळस होती, आणि किळशीपुढे माणसाचं शहाणपण चालत नाही. पुढे नवं स्लॅबचं घर बांधलं, तेव्हा त्याने वडिलांना मागच्या जुन्या कौलारू घरातच ठेवलं. बाबांना स्लॅबखाली गुदमरतं, असं तो लोकांना सांगायचा. त्यांचा पेला वेगळा, ताट वेगळं. राखेचा डबा रोज सकाळी रीमा धुवायची. चुलीतली ताजी राख भरायची आणि पदराला हात पुसत पुढे यायची. जितेंद्र तेवढा वेळ अंघोळीला जाऊन बसायचा.

पण म्हातारा रात्री हाक मारणार कशी? मधे अंगण, आणि आवाज तर गेलेला. यावर जितेंद्रनेच उपाय काढला. ऑफिसातला भंगारात निघालेला कॉम्प्युटर त्याने मागच्या खोलीत बसवला, त्याला माईक लावला आणि अंगणातल्या शेवग्यावरून वायर ओढून पुढच्या घरातल्या कॉम्प्युटरला जोडली. दोन्हीकडे विंडोजऐवजी लिनक्स. त्या लिनक्समध्ये आवाजासाठी एक निराळा प्रोग्राम असतो. पडद्यावर दिसत नाही, गुपचूप मागे राहून राबतो. असल्या प्रोग्रामांना डेमन म्हणतात.

"म्हणजे भुतालाच नोकरीला ठेवलं की," विकी म्हणाला. पोरं हसली. काका हसले नाहीत.

स्पीकर एकच असतो आणि आवाज अनेक. गाणं, सिनेमा, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आलेला आवाज, सगळे त्या डेमनच्या दाराशी येतात. कुणाला आत घ्यायचं, कुणाला किती मोठं होऊ द्यायचं, हे आधी ओळी लिहून त्याला सांगून ठेवावं लागतं. जितेंद्रने ते सांगून ठेवलं. मागच्या खोलीतून येणाऱ्या आवाजाला त्याने नाव दिलं 'बाबा'. रात्री स्पीकरमधून हाक यायची, "जितू... पानी." आणि उठायची रीमा. गावात मात्र नाव झालं जितेंद्रचं. बापासाठी केवढं डोकं चालवलं पोराने, म्हणायचे लोक.

भाऊबीजेला रीमाचा भाऊ मुलाबाळांसह जेवायला आला. स्पीकरवर गाणी चालू होती. जितेंद्रने बासुंदीची वाटी तोंडाला लावली आणि गाण्याच्या मधोमध तो आवाज आला. खोल, ओला, ओढून काढलेला. मग राखेत पडल्याचा थप्प. मुलांनी लगेच नक्कल केली आणि हसून लोळण घेतली. जितेंद्रच्या तोंडातली बासुंदी एकदम चिकट लागायला लागली. तो मोरीत जाऊन ओकला.

त्या रात्री त्याने डेमनसाठी आणखी एक ओळ लिहिली. रात्री अकरानंतर 'बाबा'चा आवाज शून्य. पहाटे सहाला पूर्ववत. आपण सहाला उठतोच, मधे काय होणार आहे, असं त्याने स्वतःला समजावलं. रीमाला मात्र त्याने सांगितलं नाही.

आठवड्याभराने एका सकाळी रीमा मागे गेली, तर म्हातारा खाटेवरून अर्धा खाली लोंबत होता. माईक मुठीत घट्ट. तांब्या कोरडा, आडवा पडलेला. ओठ मिठागराच्या जमिनीसारखे तडकलेले.

लोक जमले. जितेंद्र म्हणाला, "आवाज आलाच नाही." ते खोटं नव्हतं. रीमाने मात्र कपाळ बडवून घेतलं. मीच मेली अशी झोपले, बाबांनी हाक मारली असणार आणि मला ऐकू आली नाही, असं ती येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत राहिली. जितेंद्रने ऐकून घेतलं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. शेजारच्या भिंतीवर बसून नुसता बघत राहिला. रीमा पदर पसरून म्हणाली, "बाबा, माझी झोप नडली. चुकलं माझं." तरी कावळा हलला नाही. काय राहिलंय, कुणाला माहीत असेल तर बोला, असं भटजींनी विचारलं. जितेंद्रच्या घशाशी शब्द आले होते. त्याने ते गिळले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

त्यानंतर त्याने मागचा कॉम्प्युटर काढून विकला आणि शेवग्यावरची वायर गुंडाळून माळ्यावर टाकली. गोधडी, पेला आणि तो राखेचा डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी दोन बोटांत धरून, तोंड फिरवून खाडीत फेकली. खोलीला कुलूप लावलं. रीमाची झोप मात्र उडाली ती उडालीच. रात्रभर उशीवर डोळे उघडे. कुठे खुट्ट झालं की उठून बसायची.

तर त्या गुरुवारी जेवणं उरकल्यावर जितेंद्र नवी वायर लावून कॉम्प्युटरसमोर बसला. सुतकाच्या वर्षामुळे रीमाने यंदा घट मांडला नव्हता. शेजारच्या घरातून धुपाचा वास येत होता. रीमा आतल्या खोलीत पडली होती. अकरा वाजून गेले होते.

त्याने डेमन सुरू केला. एक भजन लावून पाहिलं, आवाज नीट आला. भजन थांबवलं. मग पडद्यावर यादी उघडली. डेमनच्या दाराशी कोण कोण आहे, ते तिथे दिसतं.

एक नाव होतं. 'बाबा'.

जुनं काही राहिलं असेल, असं म्हणून त्याने ते काढलं. यादी रिकामी झाली.

आणि परत भरली. 'बाबा'.

त्याने डेमन बंद केला. पुन्हा सुरू केला. 'बाबा'.

त्या नावापुढे आवाज शून्य होता. ती रात्रीची ओळ आपलं काम करत होती. पण नावाखाली एक हिरवी पट्टी असते. पलीकडून आवाज येत असला की ती हलते, तुम्ही तो बंद ठेवला असला तरी हलते. ती पट्टी हलत होती. थोडी वर... खाली. थोडी वर... खाली. संथ.

मग एकदम टोकाला गेली. थरथरली. आणि पडली.

जितेंद्रला ती लय ओळखू आली. श्वास. श्वास. मग खाकरणं. मग थुंकणं. ऐकू काहीच येत नव्हतं. तरी त्याच्या तोंडात पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं तसं.

त्याने स्पीकरची वायर उपटली.

तेवढ्यात दिवे गेले. पडदा विझला. बाहेर रस्त्यावरचेही दिवे गेले. गाव काळंठिक्कर.

तो तसाच बसून राहिला. वायर हातात.

आणि स्पीकर घरघरला.

वायर नाही. वीज नाही. घरघर मात्र ओली, चिकट, अगदी कानाशी. घशात काहीतरी वर येत होतं... अडकत होतं... परत वर येत होतं.

"जितू..."

जितेंद्रने तळहात स्पीकरवर दाबला. आवाज दाबायला. जाळीचं कापड कोमट होतं. ओलं होतं. त्याने हात मागे घेतला, तर हाताबरोबर एक तार आली. लांब. तुटेना. विडीचा आणि राखेचा वास आला. त्याने हात विजारीला पुसला. पुन्हा पुसला. बोटं एकमेकांना चिकटत होती.

"कोण खाकरलं?" आतून रीमाचा आवाज.

तो बोटं विजारीला पुसत राहिला.

"अहो, कोण खाकरलं?"

"मीच," जितेंद्र म्हणाला. "झोप तू."

आणि तो बोलत असतानाच, त्याच्या शब्दांवर चढून, तो आवाज आला. ओढून काढलेला. मग थप्प.

"...पानी."

रीमा दारात येऊन उभी राहिली. हातात मेणबत्ती. तिने स्पीकरकडे पाहिलं. खाली लोंबणाऱ्या वायरीकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या हाताकडे.

"बाबांचा आवाज आहे," ती म्हणाली. "मला ऐकू येतोय. मग त्या रात्री कसा नाही आला?"

स्पीकरमध्ये श्वास चालू होता. संथ. वाट बघत असल्यासारखा.

"मी बंद केला होता," जितेंद्र म्हणाला. "रोज रात्री बंद करत होतो. मला किळस यायची."

मेणबत्तीचं मेण रीमाच्या बोटांवर ओघळलं. तिने हात हलवला नाही.

"आणि मी माझ्या झोपेला शिव्या देत बसले," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "दहाव्याला मी पदर पसरला. तुम्ही शेजारी उभे होतात."

ती वळली. स्वयंपाकघरात हंड्याचं झाकण वाजलं. तांब्या भरला. खुंटीवरची किल्ली निघाली. मागचं दार उघडलं.

मग स्पीकरमधून पावलं ऐकू आली.

अंगणातली नव्हेत. मागच्या खोलीतली. कुलूप निघालं. कडी सरकली. चपला काढल्या. मागे आता माईक नव्हता. कॉम्प्युटर नव्हता. खाटही उघडी. तरी त्याला बांगड्या ऐकू आल्या. तांब्याचं बूड जमिनीला टेकलेलं ऐकू आलं.

"बाबा, घ्या."

बांगड्या पुन्हा वाजल्या.

"सावकाश..."

मग घोट. एक. लाळेसकट ओढलेला, घशात गुडगुडलेला. हनुवटीवरून सांडलेला. दुसरा. जितेंद्रने कान दाबले. आवाज बोटांमधून येत होता. तिसरा...

मग लांब सुस्कारा.

मग काही नाही.

रीमा परत आली तेव्हा मेणबत्ती विझलेली होती. तांब्या तिने उपडा करून ओट्यावर ठेवला. त्यातून थेंबही पडला नाही. ती अंथरुणावर पडली, भिंतीकडे तोंड केलं आणि थोड्याच वेळात तिचा श्वास संथ झाला. कितीतरी दिवसांनी तिला झोप लागली होती. जितेंद्र उजाडेपर्यंत मोरीत हात धूत होता.

काका थांबले. खालच्या गल्लीत एक रिक्षा सुरू झाली, गेली. अश्लेषाने हळूच विचारलं, "मग?"

मग सकाळ झाली. जितेंद्र मागच्या दारात आला, तर अंगणात रीमा बसली होती आणि तिच्या पुढ्यात तो राखेचा डबा होता. खाडीत फेकलेला. पत्र्यावर खाडीचा चिखल वाळला होता. आतली राख ओली होती. रीमाने हात घालून ती खरवडली, डबा घासला, चुलीतली ताजी राख भरली आणि मागच्या खोलीत नेऊन खाटेखाली ठेवला.