हिरव्या प्लेटी

चार दिवस तापाने फणफणून मी प्रयोगशाळेत परतले, तर इन्क्युबेटरपाशी समोरच्या इमारतीतला, मायक्रोस्कोप सांभाळणारा तंत्रज्ञ उभा. वर्षभरात माझ्याशी जेमतेम दहा वाक्यं बोललेला.

"तुमच्या पेशी जिवंत आहेत," तो म्हणाला. "तुम्ही नव्हतात, म्हणून मीच... दिवसाआड मीडियम बदललं."

माझ्या बारा प्लेटींत मीडियमवर, म्हणजे पोषक द्रवावर, जगणाऱ्या चेतापेशी होत्या आणि त्यांच्यात गाढ झोपवलेला हर्पीसचा विषाणू. तो जागा झाला की पेशी हिरव्या चमकतात. सहा प्लेटी मी मुद्दाम उठवणार होते, सहा झोपलेल्याच राहायला हव्या होत्या. माझा सगळा प्रबंध त्या सहांवर उभा होता.

भिंगातून पाहिलं. बाराच्या बारा हिरव्या.

"मीडियम किती बदललंत?"

"सगळंच. ताजं, स्वच्छ..."

"अर्धंच बदलायचं असतं. सगळं जुनं काढून घेतलं की पेशी बिथरतात, आणि हा उठतो."

त्याचा चेहरा पडला. सहा आठवडे पाण्यात गेले होते, मला त्याला चांगलं झापायचं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं. "मी आले नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

"समोरच्या खिडकीत बसून डबा खातो मी. तुमची खिडकी रिकामी होती."

चार दिवसांत मला कुणाचा फोन आला नव्हता. आईला मीच कळवलं नव्हतं, उगाच तिच्या जिवाला घोर. मला एकदम रडू आलं.

"मग वर्षभर बोलला का नाहीत?"

"धीर झाला नाही. आता तर रविवारी नव्या नोकरीवर निघालोय... दूर."

"मी रोज खिडकीकडे तोंड करूनच का बसते, हे नाही वाटतं दिसलं? आवडतोस तू मला."

तो कानापर्यंत लाल झाला. "मलाही तू... फार."

शुक्रवारी नव्या प्लेटी लावल्या. त्याचा हात धरून मी त्याला अर्धंच मीडियम काढायला शिकवलं. दोघांनीही मुद्दाम वेळ लावला. रविवारी तो गेला.

पुढे दिवसाआड मी एकटीच मीडियम बदलत राहिले. डबा खाताना समोर बघायचं टाळलं.

तिसऱ्या आठवड्यात भिंगातून पाहिलं. न उठवायच्या सहाही प्लेटी काळ्याभोर, शांत. अगदी हव्या तशा.

मी त्याला फोन लावला. "एकही उठला नाही," मी म्हणाले.

"मग रडतेस कशाला, वेडे?"

समोरच्या रिकाम्या खिडकीसारखीच ती शांतता मला बघवत नव्हती.