गळलेल्या टिकल्या

मालन जगदाळेंनी बाथरूममधून आणलेला लघवीचा छोटा पेला अबोलीने वाचकात ठेवला आणि वरून झाकण लावलं. वाचक म्हणजे जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. कऱ्हाडात आता ते रक्तदाब मोजायच्या पट्ट्याइतकंच ओळखीचं झालं होतं. मूत्राशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या माणसाकडे दर महिन्याला कॅन्सर केंद्रातून अबोलीसारखं कुणीतरी ते घेऊन यायचं आणि चहा होईपर्यंत निकाल सांगायचं.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?"

अबोलीने पडद्याकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. "मावशी, टिकल्या अजून गळल्यात."

टिकल्या हा तिचाच शब्द. लघवीतून मूत्राशयाच्या अस्तराच्या पेशी बाहेर पडतात. त्यांच्या डीएनएवर ठरावीक जागी मिथाइलचे बारीक ठिपके चिकटलेले असतात. कुठलं जनुक जागं राहील आणि कुठलं झोपेल, यात त्यांचा मोठा हात. तंबाखूच्या धुराने त्यातले काही ठिपके गळून पडतात आणि धूर थांबला की हळूहळू परत येतात. रुग्णांना हे समजावताना अबोली कधीतरी 'टिकल्या' म्हणून गेली आणि तो शब्द सगळ्या केंद्राने उचलला.

ज्यांच्या टिकल्या परत येत, त्यांची गाठ सहसा पुन्हा उगवत नसे. ज्यांच्या गळतच राहत, त्यांच्या बाबतीत डॉक्टर थांबत नसत, मूत्राशयच काढून टाकत. मग पोटाला पिशवी, जन्मभर. मालनबाईंबद्दलचा निर्णय येत्या गुरुवारी व्हायचा होता.

"हे असं विडी ओढणाऱ्यांचं दिसतं," अबोली जपून म्हणाली. "तेही रोज ओढणाऱ्यांचं. डॉक्टरांना वाटतंय, तुम्ही काहीतरी लपवताय."

"आगं बाई!" मालनबाई कमरेवर हात ठेवून वळल्या. "तेजल, ऐकलंस का? तुझी सासू चोरून विड्या फुंकते!"

तेजल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मेथी निवडत बसली होती. सातवा महिना लागलेला, म्हणून पाय लांब पसरलेले. "ओंकारला सांगू नका हं आई. तो म्हणेल, मलापण द्या."

तिघीही हसल्या, पण अबोलीचं डोकं चालूच होतं. यंत्र चुकलेलं नव्हतं, तिने पेला दोनदा वाचून घेतला होता. या बाई खोटं बोलत असतील असंही तिला वाटेना. मालनबाईंचे यजमान सुपारीसुद्धा खात नसत आणि ते जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. मुलाला, ओंकारला, कसलाच नाद नव्हता. चूल नाही. उदबत्ती लागायची ती सणावारी. मग धूर येतो तरी कुठून?

"शपथ घेऊन सांगते, तंबाखूला कधी शिवले नाही. बस, चहा टाकते. आधी एवढं भाजून घेते."

मालनबाईंनी फळीवरून काळपट तवा काढला, शेगडीवर ठेवला, त्यात पुडीतला चुरा ओतला आणि सवयीने खिडकी ओढून घेतली. "वरच्या वहिनींना ठसका लागतो. लगेच खाली येऊन भांडतात."

तवा तापला आणि दाट, कडू धूर उठला. अबोलीला असा खोकला आला, की डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"हे... काय आहे?"

"मिश्री. दातांना लावायची."

"तंबाखूच ना ही?"

"तंबाखू कसली! तंबाखू गडीमाणसं खातात. ही मिश्री आहे."

अबोली खोकता खोकता हसली, मग तिने तव्याकडे नीट पाहिलं. वाचकाला धूर ओळखायला शिकवलं होतं ते विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या नमुन्यांवर. केंद्राच्या प्रश्नावलीत 'धूम्रपान करता का' एवढंच होतं आणि मालनबाईंनी खरं तेच उत्तर दिलं होतं. बंद खिडकीच्या खोलीत तवाभर तंबाखू जाळणाऱ्या बाईबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. आपणही नाही.

"मावशी, तुमचा धूर इथून येतोय."

मालनबाई तव्याकडे बघत राहिल्या. बोटांना काजळी लागली होती. "सोडली तर येतील का गं टिकल्या परत?"

"विडी सोडणाऱ्यांच्या येतात."

"मी माझं विचारतेय."

"माहीत नाही. मिश्री सोडलेल्या बाईच्या टिकल्या अजून कुणी मोजल्या नाहीत. मी डॉक्टरांकडे तीन महिन्यांची मुदत मागून बघते."

"आणि नाही आल्या तर?"

"तर ते तीन महिने गाठीला वाढायला मिळतील."

मालनबाईंनी उलथन्याने चुरा हलवला. "तिच्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही माझं. डोकं धरतं. तुला सांगून नाही कळायचं." शेगडी चालूच होती.

तेजल भिंतीला धरून उठली. "ताई, माझंपण बघता?"

"तुझं कशाला?" मालनबाई म्हणाल्या. "तू बोटसुद्धा लावत नाहीस."

"पण मी बसते इथेच." ती एक पेला घेऊन आत गेली.

वाचकाचा बारीक दिवा लुकलुकत होता. धूर छताला टेकून खाली उतरत होता. पडद्यावर आकडा आला. अबोलीला तो सांगायचा नव्हता, पण दोघी तिच्या तोंडाकडेच बघत होत्या.

"गळल्यात," ती म्हणाली. "थोड्याच. पण गळल्यात."

मालनबाईंनी शेगडी बंद केली. पदराने धरून तवा उचलला आणि मोरीत नळाखाली उपडा केला. चर्र आवाज झाला. मग त्यांनी खिडकी सताड उघडली. वरून कुणीतरी खोकलं, पण त्यांनी मान वर केली नाही. ओल्या हातांनी त्या तेजलजवळ आल्या, तिच्या पोटाकडे बघितलं आणि मग त्या डब्याएवढ्या यंत्राकडे.

"आणि आतल्याच्या?" त्यांनी विचारलं. "त्याच्या कशा मोजतात गं?"