बदललेला बार्लो

होबर्ट स्कॅग्जने चाकू टेबलावर ठेवला आणि खुर्चीत टेकायच्या आधीच जाहीर केलं, "हा माझा नाही."

व्हर्नी स्टँपरने चष्मा वर चढवला. गावातली एकमेव खाजगी गुप्तहेर ती, आणि मदतीला धाकटा दीर डेल्मर. मदत म्हणजे कॉफी करणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं. दोन्ही कामं तो मनापासून करी.

चाकू घडीचा होता, पण उघडा. हाडाची मूठ, तिच्या तोंडाशी लांब लोखंडी टोपण, म्हणजे बार्लो जातीचाच. मूठ पांढरीफटक, पातं लखलखीत.

"माझा बार्लो तव्याच्या बुडासारखा काळा," होबर्ट म्हणाला. "आधी बापाने वापरला, मग साठ वर्षं मी. तो रंग विकत मिळत नाही, बाई. काल चर्चच्या तळघरात जेवणं होती. मी हॅम कापलं, चाकू ताटाशेजारी ठेवला आणि नाल फेकायच्या डावाला गेलो. दोन तासांनी येतो तर ताट उचललेलं, आणि त्या जागी हा."

"असाच उघडा?"

"असाच. मीही माझा उघडाच ठेवला होता."

"मग मिटून नाही का आणायचा? गाडीत मांडीवर घेऊन आलात की काय?"

"मी कसा मिटू? ज्याने उघडला त्यानेच मिटायचा. दुसऱ्याने मिटला की घात होतो. आमच्या मामाने एकदा मिटला, आठवड्यात खेचर मेलं."

डेल्मरने गंभीरपणे मान हलवली. खेचर त्याला आठवत होतं.

होबर्टने चाकू पुन्हा उचलला. डाव्या हातात धरून तो हवेत नाचवू लागला. मुठीवर एका बाजूला खळगा होता, त्यात त्याचा अंगठा टेकला होता. "हे अल्टन क्रॅब्ट्रीचं काम. पन्नास वर्षं कोर्टासमोरच्या बाकावर माझ्याशेजारी लाकूड तासत बसतोय, आणि त्यातली तीस वर्षं माझा बार्लो मागतोय. बदल्यात बंदूक देत होता, शिकारी कुत्री देत होता, एकदा तर मेव्हणा देत होता. उद्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतो. मग त्या बाकावर एक तर तो, नाहीतर मी."

शेवटच्या वाक्याला म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. अल्टन गेला तर दिवसभर भांडायला त्याला दुसरं कोणी नव्हतं.

होबर्टला घरी पाठवून, चाकू टेबलावर ठेवून व्हर्नीने एकेकाला बोलावलं. अल्टन आला तो हात खिशात घालूनच. चाकूकडे लांबून बघून त्याने नाक मुरडलं.

"त्याचा नाही हा. हा कोणीतरी घासलाय. असा चाकू मला फुकट दिला तरी नको."

"जरा मिटता का?"

"मी? माझ्या घरी लेकरंबाळं आहेत, बाई."

मग केंट आला. होबर्टच्या नातीचा, रीबाचा, होणारा नवरा, परराज्यातला, ओहायोचा. त्याने चाकू उचलला, "छान आहे," म्हणाला आणि टक् करून मिटला.

डेल्मर दोन पावलं मागे सरकला. "ओहायोत तुम्हाला आईबाप असतात की नाही?"

"का? उघडा चाकू मिटायचा नाही तर काय करायचं?"

व्हर्नीने त्याच्याकडूनच तो पुन्हा उघडून घेतला आणि त्याला घरी पाठवलं.

शेवटी होबर्टची बायको ओपल आली. हातात पेकानच्या मेव्याची गोड पेस्ट्री, बोटं लाल, सोललेली. टेबलावर जागा करायला तिने उघडा चाकू अलगद उचलून तसाच उघडा बाजूला ठेवला.

"काल चाळीस माणसांची ताटं उचलली, घासली. एकटीने," ती म्हणाली. "आणि यांचं काय चाललंय, तर चाकू. पुढच्या शनिवारी लग्नात रीबाला द्यायचं म्हणे ते काळं ध्यान. त्यापेक्षा हा किती चांगला दिसतोय."

ती गेल्यावर डेल्मर हळूच म्हणाला, "वहिनी, केंटच. मिटला ना त्याने?"

"भाऊजी, म्हणूनच तर तो नाही. पेस्ट्री खाऊन घ्या आणि सगळ्यांना बोलवा."

तासाभरात चौघे पुन्हा व्हर्नीच्या टेबलाभोवती जमले. होबर्ट आणि अल्टन दोन टोकांना.

"चोरी झालेलीच नाही," होबर्टच्या हातात चाकू देत व्हर्नी म्हणाली. "होबर्ट, हा तुमचाच बार्लो आहे."

"मला माझा चाकू कळत नाही?"

"तुम्हाला नाही, तुमच्या अंगठ्याला कळतो. बघा, आत्तासुद्धा त्या खळग्यात बसलाय. साठ वर्षं डाव्या हाताने धरून पडलाय हा खळगा. भाऊजी, तुम्ही उजव्या हाताने धरा. खळगा कुठे आला?"

"बोटांखाली. नीट धरताच येत नाही."

"तुम्ही फक्त रंग बघितलात. आता घासला कोणी? अल्टनने एक वेळ चोरला असता, पण घासला नसता."

"हात झडले असते माझे," अल्टन म्हणाला.

"केंट हाती आलेला चाकू मिटतो, आणि हा तर उघडा सापडला. म्हणजे घासणारा माणूस इथलाच, दुसऱ्याचा उघडा चाकू न मिटणारा. पण चाकूवेडा नव्हे, कारण काळा रंग त्याला मळ वाटला. आणि ज्याने ताट उचललं, त्याच्याच हाती शेजारचा चाकू लागला."

सगळे ओपलकडे बघू लागले.

"मीच घासला," ओपल म्हणाली. "नातीला लग्नात तसला चाकू द्यायचा? लोक म्हणतील, स्कॅग्जच्या बायकोला साधा चाकू घासता येत नाही. व्हिनेगर लावलं, राख लावली, तासभर खपले. तुम्ही खूश व्हाल म्हणून परत जागेवर ठेवला. तर तुम्ही चोर-चोर करत सुटलात. मग कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

होबर्टला बावन्न वर्षांचा संसार आठवला. तिच्या सोललेल्या बोटांकडे बघून त्याला रडू येईलसं झालं, पण रागही गेला नव्हता. मग तो अल्टनकडे वळला.

"तुला चोर म्हणालो मी."

अल्टनचं लक्षच नव्हतं. डेल्मरच्या हातातून चाकू घेऊन तो पातं बघत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते. सख्ख्या भावाला मूठमाती देतानाही तो रडला नव्हता.

"काय होऊन बसलंय रे याचं," तो म्हणाला. "रोज याने एक सफरचंद कापत जा. दहा वर्षांत रंग परत येईल."

"रीबाला पुढच्या शनिवारी द्यायचाय. आणि मी एक्क्याऐंशीचा आहे, अल्टन."

"रीबाला सांग, दहा वर्षं थांब. तू मरायची घाई करू नकोस. आणि सोमवारी बाकावर येताना सफरचंद मोठं आण, अर्धं मला लागतं."