शेवटचं ओगराळं

खाणीतली नोकरी संपली आणि मी घरात लेम्पीच्या पायात पायात यायला लागलो. नवरा दिवसभर घरी असणं म्हणजे काय, याची तिला कल्पनाच नव्हती. थोड्याच दिवसांत ती म्हणाली, "उर्हो, परसातली जुनी सौना घे आणि तुझं सुतारकाम तिथं कर. पुन्हा करवत घेऊन स्वयंपाकघरात दिसलास तर याद राख."

ही सौना, म्हणजे भट्टीवरच्या तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफेत न्हायची लाकडी खोली, लेम्पीच्या आईची, हिल्याची. हिल्या सुईण होती. मिशिगनच्या या उत्तर टोकाला आमच्या पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिनं त्या वाफेत, वरच्या फळीवर जगात आणली. लेम्पीही तिथलीच. गावातलं कोणी गेलं की त्याची शेवटची अंघोळही तिथंच, तिच्याच हातून. हिल्या वारल्यावर घराच्या तळघरात आम्ही विजेची न्हाणी करून घेतली आणि मग तिकडं कोणी फिरकेनासं झालं.

मला घाई होती ती मार्लीनमुळं. आमची एकुलती एक लेक, दूर डेट्रॉइटला दिलेली. दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्ही वेळा बाळ पोटातच गेलं. आता पुन्हा दिवस भरत आले होते. अशा वेळी बापानं काय करायचं असतं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी पाळणा करायचं ठरवलं.

भट्टीवरचे दगड काढून लेम्पीच्या बटाट्यांच्या वाफ्याभोवती रचून टाकले. खिडकीखाली जाड मेपलच्या फळ्यांचं कामाचं टेबल ठोकलं, त्याला लाकूड पकडायचा शिकंजा बसवला, भिंतीवर पटाश्या, रंधे, करवती टांगल्या. बसायची खालची फळी काढली, वरची राहू दिली. लाकूड ठेवायला आयती मांडणी झाली. काय सांगू, राजवाडा मिळाल्यासारखं वाटत होतं. तू आता तिथंच झोपायला जाशील, असं लेम्पी म्हणायला लागली.

लाकूड मात्र ऐकेना. संध्याकाळी एका फळीचं कुसू दुसरीच्या खाचेत, सालीत, अलगद बसायचं आणि सकाळी बघावं तर फुगलेलं, हातोडीनंही सरकत नसे. बाहेर हाडं गोठवणारी कोरडी थंडी, छप्पर कुठं गळत नव्हतं, तरी फळ्या ओल धरत होत्या. एकदा रंध्याच्या पात्यावर दव जमलेलं दिसलं. आणि वास... धुराचा, भिजलेल्या बर्चच्या पानांचा. भट्टी तर थंडगार होती.

एका शनिवारी दुपारी मी रंधा मारत होतो आणि पाठीला ऊब लागली. शेजारी माणूस येऊन उभं राहिलं की लागते तशी. मी हात थांबवला. भट्टीच्या बाजूनं चुर्र आवाज आला, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. मग वरची फळी कुरकुरली... कोणीतरी सावकाश बसत होतं. मी मागं वळलो नाही. रंधा तिथंच टाकला आणि सरळ स्वयंपाकघर गाठलं.

लेम्पी वेलदोड्याच्या पावाचं पीठ मळत होती.

"काय रे म्हाताऱ्या, भूत बघितलंस का?"

"तुझी आई," मी म्हणालो. "तुझी आई आहे तिथं."

तिचे हात थांबले नाहीत. "असणारच. शेवटचं ओगराळं टाकतोय कोण तिला?"

मी खाली बसलो. आमच्या माणसांची जुन्या देशाकडून आलेली रीतच आहे. सगळ्यांच्या अंघोळी झाल्या की निघताना तापल्या दगडांवर आणखी एक ओगराळं पाणी टाकायचं आणि दार ओढून घ्यायचं. आपल्यातून गेलेल्यांची पाळी असते ती. आणि मी शहाण्यानं दगडच उचलून बटाट्यांना दिले होते.

"सौना घे म्हणून तूच सांगितलंस," मी म्हणालो.

"सौना घे म्हटलं, आईला बाहेर काढ म्हटलं नव्हतं. जा, दगड आण." मग पिठाकडं बघतच ती हळू आवाजात म्हणाली, "आणि उर्हो... ती एकटी नसेल रे. मार्लीनची दोघं... त्यांना दुसरं कोण न्हाऊ घालणार?"

या बाईला मी इतकी वर्षं ओळखतो असं समजत होतो. फावडं घेऊन बर्फ उकरायला गेलो.

दगड परत भट्टीवर गेले, टेबल कोपऱ्यात सरकलं. त्या संध्याकाळी जाळ केला, दोघं घाम निथळेपर्यंत बसलो आणि निघताना लेम्पीनं शेवटचं ओगराळं टाकलं. दुसऱ्या दिवशी कुसू सालीत लोण्यासारखं बसलं. पुढं दर शनिवारी तेच. पाळणा वेळेआधी तयार झाला.

मग एका शनिवारी हिमवादळात जावयाचा फोन आला. मार्लीनला इस्पितळात नेलं होतं. बाळाची लक्षणं ठीक नव्हती. रस्ते बंद, आम्हाला जाता येईना. लेम्पी फोनला चिकटून बसली. मला बसवेना, म्हणून मी कंदील घेऊन परसात गेलो.

जाळ केलेला नव्हता, तरी दगडांवरून वाफ निघत होती. वरच्या फळीवर भुशाचा पातळ थर होता आणि त्यात ओल्या खुणा होत्या. एक रुंद, बाईमाणूस बसल्याची. तिला बिलगून दोन लहान, पावाएवढ्या.

मी तिसरी शोधली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. नव्हती.

"हिल्या," मी म्हणालो, "तुझ्याकडं दोघं आहेत... हे आम्हाला राहू दे."

दगड चुरचुरले. कंदिलाची काच वाफेनं पांढरी झाली आणि मला फळी दिसेनाशी झाली. किती वेळ उभा होतो, ठाऊक नाही. मग घरातून लेम्पीची हाक आली.

मुलगी झाली होती. बराच वेळ रडलीच नाही, अंग निळं पडलं होतं, सगळ्यांनी आशा सोडली होती, असं जावई सांगत होता. आणि मग एकाएकी टाहो फोडला म्हणे. लेम्पी माझ्या गळ्यात पडून रडत होती, हसत होती.

हिल्याला सांगायला मी पुन्हा सौनेत गेलो. फळीवर आता तिसरी लहान खूण होती. तिच्या दोन्ही बाजूंना मोठ्या तळव्यांचे ठसे होते, खाली हात घालून उचलून परत दिल्यासारखे.

लेम्पीला मी ते दाखवलं नाही. नात आता शाळेत जाते, गुटगुटीत आहे, माझ्या मिशा ओढते. बाकीच्या खुणा दुसऱ्या सकाळपर्यंत सुकल्या. तिसरी मात्र अजून बोटाला ओली लागते.